हप्ते फेडायचे आणि घरही चालवायचं: कर्जात असलेल्या घराचं महिन्याचं गणित कसं बसवायचं

पगार झाला की पहिल्या आठवड्यातच मोठा भाग हप्त्यांमध्ये जातो, वीस तारखेनंतर वाण्याच्या वहीवर नाहीतर क्रेडिट कार्डावर दिवस काढायचे आणि ते परत पुढच्या पगारातून फेडायचे, हे ज्या घरात चालू आहे त्या घरासाठी हे लिहितेय. म्हणजे कमाई आहे, बरी आहे, पण कर्ज चार ठिकाणी पसरलंय आणि कितीही ओढून ताणून चालवलं तरी आकडा खाली येताना दिसत नाही असं घर.

आधीच सांगते, अशा बहुतेक घरांत काटकसर कमी पडत नसते. घरातली बाई तेलाची पिशवी किती दिवस पुरली ते बघत असते, नवरा कंपनीतल्या कॅन्टीनवरच भागवतो, मुलं नवीन बूट मागायचं पण टाळतात, आणि तरी कर्ज तिथल्या तिथे. माझ्या मते याचं खरं कारण असं की वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च कुणी महिन्याच्या हिशोबात धरतच नाही. जून आला की शाळा, मग गणपती, मग दिवाळी, मग लग्नसराईतले आहेर, आणि यातलं प्रत्येक आलं की थोडं नवं कर्ज होतं. जेवढं फेडलं तेवढंच परत चढतं. ही गळती बंद केल्याशिवाय बाकी कितीही वाचवा, उपयोग होत नाही.

सगळं कर्ज एका पानावर

एक साधी शंभर पानी वही घ्या, मोबाईलमधलं ॲप नको, कारण ॲप एकाच माणसाच्या फोनमध्ये राहतं आणि वही घरात राहते. एका पानावर सगळी कर्जं लिहायची, बँकेचं, फायनान्स कंपनीचं, पतसंस्थेचं, क्रेडिट कार्डाचं, मोबाईल हप्त्यावर घेतला असेल तर तो, वाण्याची उधारी, भावाकडून किंवा मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, भिशी आधीच उचलली असेल तर तिचे उरलेले हप्ते, आणि कुणासाठी जामीनदार राहिला असाल तर ते पण खाली वेगळं लिहून ठेवा. प्रत्येकापुढे चार गोष्टी: आज मुद्दल किती बाकी, व्याजाचा दर किती, हप्ता किती आणि कोणत्या तारखेला, आणि मधेच सगळं भरलं तर दंड किती.

व्याजाचा दर विचारताना एक विचाराच, फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज). हा फरक लोकांना माहीतच नसतो. १ लाख रुपये १२ टक्के फ्लॅटने २ वर्षांसाठी घेतले तर व्याज २४,००० होतं आणि हप्ता साधारण ५,१६७ बसतो, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता आणि व्याज मात्र पूर्ण लाखावरच लावलेलं असतं, त्यामुळे खरा दर वर्षाला २१-२२ टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ नंतर मंजूर झालेलं कर्ज असेल तर बँकेने किंवा फायनान्स कंपनीने तुम्हाला एक की फॅक्ट स्टेटमेंट दिलेलं असणार, रिझर्व्ह बँकेने ते सक्तीचं केलंय, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते लिहिलेलं असतं. तो कागद शोधा, नसेल सापडत तर शाखेत जाऊन मागा.

आपल्या नावावर नक्की काय काय आहे याची शंका असेल तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तिथे कधीकधी जुनं, कधीच फेडलेलं कर्ज पण चालू म्हणून दिसतं, ते दुरुस्त करून घेता येतं.

घरात सांगायचं, सगळ्यांना

हे सगळ्यात अवघड आणि लोकं नेमकं हेच टाळतात. बायकोला माहीत नसलेलं पर्सनल लोन, नवऱ्याला माहीत नसलेली बचत गटाची उचल, आई-वडिलांना तर काहीच माहीत नाही. मग होतं काय की एक माणूस पोटाला चिमटा काढत असतो आणि दुसरा माणूस आपल्या घरी बरं चाललंय असं समजून बहिणीच्या मुलीच्या लग्नात भारी साडी देऊन येतो, आणि यात त्याची चूक काहीच नसते कारण त्याला माहीतच नव्हतं. लपवलेलं कर्ज फेडण्यासाठी अजून एक लपवलेलं कर्ज काढावं लागतं, हे मी जवळच्या घरांमध्ये बघितलंय आणि त्यात माणसं आतून फार खचतात हो. म्हणून रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वही मधे ठेवा आणि आकडा मोठ्याने वाचा. दोष कुणाचा ते त्या दिवशी काढायचं नाही, फक्त आकडे. सासू-सासरे घरात असतील तर त्यांना पण बसवा, जुन्या माणसांनी आपल्यापेक्षा वाईट दिवस काढलेले असतात आणि ती आपण समजतो तेवढी कोलमडत नाहीत. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांना पूर्ण आकडा नका सांगू, पण "आपण अमुक दिवाळीपर्यंत एक कर्ज संपवतोय, तोपर्यंत खर्च थोडा हात राखून" एवढं सरळ सांगितलं की ती समजून घेतात. न सांगता नुसतं प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं तर ती घाबरतात.

आता गणित

समजा पिंपरी-चिंचवडमधलं एक घर आहे. नवरा चाकणला कंपनीत, हातात ३६,००० येतात, बायको घरी शिवणकाम करते, त्याचे ७,०००. एकूण ४३,०००. दोन मुलं आणि सासूबाई. कर्ज असं: क्रेडिट कार्डाची बाकी ८०,०००, पर्सनल लोनची बाकी २,१०,००० आणि हप्ता ६,९८०, बाईकचे २८,००० बाकी आणि हप्ता ३,२००, मेव्हण्याकडून घेतलेले ४०,०००. कार्डाला महिन्याला ५,००० भरतात. म्हणजे १५,१८० कर्जात गेले, उरले २७,८२०.

घरखर्च बघा. भाडं ९,५००, किराणा आणि गॅस ६,५००, दूध २,०००, भाजी-फळं १,८००, लाईट ९००, रिचार्ज आणि नेट ९००, शाळेची फी आणि रिक्षा ३,०००, पेट्रोल १,८००, सासूबाईंची औषधं आणि किरकोळ दवाखाना १,४००. बेरीज २७,८००. उरले २० रुपये. कागदावर बसलं ना, कुठे उधळपट्टी पण दिसत नाही.

पण यात जून नाहीये, दिवाळी नाहीये. याच घराचे वर्षाचे खर्च मांडले तर शाळेचं साहित्य, युनिफॉर्म आणि वर्षाची वेगळी फी मिळून १०,०००, गणपती-गौरी ३,०००, दिवाळी ९,०००, आहेर आणि गावची जत्रा ५,०००, गाडीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग ४,०००, अचानकचा दवाखाना ५,०००. झाले ३६,०००, म्हणजे महिन्याला ३,०००. हे तीन हजार या घराकडे नाहीत, म्हणून ते दरवर्षी कार्डावर जातात. आणि कार्डाची बाजू बघा, ८०,००० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,८०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, झाले ३,३०४. पाच हजार भरले त्यातले मुद्दलात फक्त १,६९६ गेले. वर्षात फार फार तर पंचवीस हजारांच्या आसपास मुद्दल कमी होणार आणि छत्तीस हजार नवीन चढणार. इथे कितीही साखर कमी घातली तरी काय होणार सांगा.

म्हणून वर्षाच्या खर्चाचा बारावा भाग हा एक हप्ताच समजायचा आणि तो पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायचा. बायकोच्या नावाचं खातं असेल तर उत्तम, फक्त त्या खात्याला यूपीआय जोडू नका आणि त्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवा. कर्ज असताना बचत कशाला, आधी सगळं कर्जात घालावं असं म्हणणारे खूप भेटतील, व्याजाच्या दृष्टीने ते बरोबर पण वाटतं, पण ज्या घरात अडीनडीला हजार रुपये नाहीत ते घर अडीनडीला परत कार्डच काढतं. माझ्या मते हा बारावा भाग आधी, जास्तीचं कर्ज फेडणं नंतर.

मग ते तीन हजार आणायचे कुठून

कार्डापासून सुरुवात करा. बाकी पूर्ण भरली नाही की नवीन खरेदीवरचा बिनव्याजी काळ पण जातो, आज भाजी घेतली तरी आजपासून व्याज. त्यामुळे पहिल्या दिवशी कार्ड वापरणं बंद, शॉपिंग ॲपमधून सेव्ह केलेला नंबर काढून टाका. मग ती बाकी स्वस्त कर्जावर हलवा. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज हा मला सगळ्यात बरा मार्ग वाटतो, वर्षाला १२ टक्के धरलं तर ८०,००० वर महिन्याचं व्याज ८०० होतं, कार्डाला ३,३०४ जात होते. कार्डाला दरमहा ५,००० देऊन कर्ज संपायला साधारण सत्तावीस महिने लागतात आणि तारणावर दरमहा ३,५०० देऊन पण साधारण तेवढेच, सव्वीस-सत्तावीस. म्हणजे वेळ तेवढाच आणि महिन्याला दीड हजार मोकळे. सोनं बाईचं असतं म्हणून निर्णय तिचाच, तिला न विचारता डबा उघडायचा नाही. सराफाकडे महिन्याला दोन-तीन टक्क्यांनी ठेवू नका, बँकेतच ठेवा, आणि घेताना विचारा की हप्त्यानं फेडायचंय की वर्षअखेर एकदम, कारण एकदम भरायचं असेल आणि पैसे जमले नाहीत तर सोनं लिलावात जाऊ शकतं. हप्त्याचंच घ्या.

सोनं नसेल किंवा ठेवायचं नसेल तर कार्डवाल्या बँकेलाच फोन करून बाकी ईएमआयमध्ये बदलून मागा, दर कार्डाच्या व्याजापेक्षा बराच कमी मिळतो, प्रोसेसिंग फी विचारून घ्या. आणि कुठे एफडी पडून असेल, सहा-सात टक्क्यांची, ती मोडा आणि कार्डात भरा. मुलीच्या नावाची आहे, मोडवत नाही, हे मला समजतं, पण एका बाजूला सात टक्के मिळवून दुसऱ्या बाजूला चाळीस टक्के देण्याने मुलीचंच नुकसान होतंय. पीएफला मात्र हात लावू नका, ते म्हातारपणाचं आहे.

उरलेले दीड हजार घरखर्चातून आणि जास्तीच्या कामातून काढायचे. इथे घरोघर वेगळं असतं, तरी ज्यातून खरंच पैसे वाचतात ते सांगते.

लाईट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा दर असतो. तुमचं बिल ११५-१२० युनिटवर येत असेल तर वरचे वीस युनिट कमी करणं फार फायद्याचं आहे, गिझर, इस्त्री, जुना फ्रीज इथे बघा. बिल १८० युनिटचं असेल तर शंभरच्या आत यायच्या मागे लागून घरात भांडणं करू नका.

प्रवास. गावी जाताना एसटीने जा, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना पण निम्मं आणि ७५ च्या पुढे मोफत. चार माणसांच्या घराचा गावचा एक फेरा खाजगी गाडीपेक्षा खूपच स्वस्त पडतो.

औषधं. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात विचारा, डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा. महिन्याच्या औषधांत फरक चांगलाच दिसतो.

मोबाईल. घरात चार सिम आणि चारही मोठ्या प्लॅनवर, हे गरजेचं नसतं, सासूबाईंना फक्त फोन घ्यायचा असतो. आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाच्या जागी जाऊन बघा, कधीतरी ट्रायल म्हणून चालू केलेलं काहीतरी अजून पैसे कापत असतं.

स्वयंपाकघर. इथे मी हात आखडता घ्यायला सांगणार नाही, पद्धत बदलायला सांगेन. महिन्याची यादी एकदाच करायची आणि रोख देऊन वाणसामान भरायचं, वहीवर नाही, कारण वहीवर घेताना भाव विचारला जात नाही. सुट्टं सामान आणि होलसेल दुकान यातला फरक तेल, साखर, शेंगदाणे, डाळी यात जास्त कळतो, बिस्किटात कळत नाही. भाजी आठवडी बाजारातून, बाजार उठायच्या वेळेला. तूरडाळ महाग असेल त्या महिन्यात मसूर, मूग, मटकी, कुळथाचं पिठलं, कढी, अख्ख्या मसुराची आमटी, आपल्या जेवणात इतकं आहे की चार दिवस वरण नाही केलं तरी कुणाचं पोट अर्धं राहत नाही. वर्षाचे गहू-ज्वारी-तांदूळ एप्रिल-मेमध्ये भरणं स्वस्त पडतं हे खरं, पण त्यासाठी कर्ज काढू नका, पहिल्या वर्षी दोन-तीन महिन्यांचंच भरा. मुलांचं दूध, अंडी, फळ यात काटछाट करू नका. महिन्यातून एकदा पावभाजी किंवा वडापाव बाहेर खायला ठरवून पैसे ठेवा, अगदी तीनशे रुपये का असेना. वर्ष-दोन वर्षं चालवायचं आहे हे, सगळंच बंद केलं तर तिसऱ्या महिन्यात सगळे वैतागतात आणि मग एका रविवारी दोन हजार उडतात.

आणि जे बंद करायचं नाही ते म्हणजे विमा. कमावत्या माणसावर कर्ज आहे म्हणूनच विमा हवा. टर्म प्लॅन असेल तर चालू ठेवा, काहीच नसेल तर बँक खात्यातून प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा घ्या, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा, वय १८ ते ५० मध्ये घेता येतो, आणि सुरक्षा बीमा वर्षाला २० रुपयांत, अपघाताचा, तोही २ लाख. मे महिन्याच्या शेवटी पैसे आपोआप कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा, नाहीतर बंद पडतो.

जास्तीची कमाई पण वहीत लिहा. ओव्हरटाईम, दिवाळीचा बोनस, ब्लाऊज-फॉलबिडिंगचे सीझनचे पैसे, लाडकी बहीणचे दीड हजार मिळत असतील तर ते. बोनस हातात यायच्या आधीच ठरवा, निम्मा दिवाळीला आणि निम्मा कर्जाला, असं काहीतरी. आधी ठरवलं नाही तर तो कुठे गेला ते कळत नाही.

आधी कुठलं कर्ज संपवायचं

साधा नियम व्याजावर: ज्याचा दर जास्त ते आधी. सगळ्यांना ठरलेला हप्ता द्यायचाच, पण जास्तीचा रुपया एकाच कर्जात घालायचा, सगळीकडे थोडं थोडं वाटायचं नाही. सावकाराचं असेल तर ते सगळ्यात आधी, मग कार्ड, मग ॲपवरची कर्जं, मग पर्सनल लोन. घराचं कर्ज शेवटी, त्याचा दर कमी असतो, आणि बदलत्या दराचं असेल तर आधी फेडलं म्हणून बँक दंड लावू शकत नाही, त्यामुळे घाई नाही. पर्सनल लोन मधेच भरताना मात्र फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी सगळं फेडल्याचा दंड, तपासा.

एक बदल मी यात करते. एखादं छोटं कर्ज नऊ-दहा महिन्यांत संपणार असेल, जसं वरच्या घरातली बाईक, तर ते संपू द्या आणि संपलं की तो ३,२०० चा हप्ता खर्चात विरघळू देऊ नका, त्याच तारखेला तो पुढच्या कर्जात वळवा. हे झालं की फेडायचा वेग एकदम वाढतो.

मेव्हण्याचे पैसे बिनव्याजी आहेत म्हणून सगळ्यात शेवटी, असं होतं नेहमी. पण त्याच्या घरात पण कुणाचं तरी शिक्षण, कुणाचं तरी लग्न असतं आणि तो मागू शकत नाही. त्याच्याशी एकदा सरळ बोला, "दाजी, बाईकचा हप्ता अमुक महिन्यात संपतोय, तेव्हापासून दर महिन्याला हजार देणार, तोपर्यंत पाचशे." आणि पाचशे का होईना, न चुकता द्या. नातं टिकतं ते यामुळे. फोन टाळू नका.

सावकाराबद्दल एक माहीत असू द्या. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. आठवड्याला दहा टक्के असले प्रकार, कोऱ्या चेकवर किंवा जमिनीच्या खरेदीखतावर सह्या, असं काही तुमच्या बाबतीत झालं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते, तालुक्याला सहायक निबंधक असतात. जवळ जे असेल ते, पैसे दिल्याच्या नोंदी, मेसेज, सगळं घेऊन जा.

ॲपवरचं कर्ज नवीन घेऊच नका. घेतलेलं असेल तर बघा की पैसे कुठल्या बँकेने किंवा एनबीएफसीने (रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपनीने) दिलेत, नाव नसेल तर ते बेकायदेशीर समजा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग बघता येत नाहीत. परवानगी मागत असेल तर देऊ नका, आणि फोटो बदलून पाठवायच्या धमक्या देत असतील तर घाबरून अजून पैसे भरण्याऐवजी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा आणि पोलिसांत जा. घरातल्या माणसांना आधीच सांगितलेलं असेल तर अशा धमकीतली हवाच निघून जाते.

हप्ता भरणं शक्यच नाही असा महिना आला तर

हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा, चुकल्यावर नाही. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी करून मागा, बऱ्याच वेळा मिळते, कारण हप्ता बाऊन्स झाला की आपली बँक पण दंड लावते आणि कर्ज देणारा पण. नोकरी गेली, आजारपण आलं, तर अर्ज लिहून मुदत वाढवून मागा, हप्ता कमी होतो, एकूण व्याज वाढतं, पण चुकण्यापेक्षा ते परवडतं. अर्जाची पोच घ्या. उशिरा भरल्याचा दंड बँक लावू शकते पण २०२४ पासून तो मुद्दलात मिसळून त्यावर परत व्याज लावता येत नाही, स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर विचारा.

बँकेची किंवा फायनान्स कंपनीची वसुलीची माणसं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शिव्या देऊ शकत नाहीत, शेजाऱ्यांत किंवा ऑफिसात बदनामी करू शकत नाहीत. असं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवा, रेकॉर्डिंग ठेवा, आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी नंबर १४४४८. पतसंस्था यात येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे निबंधक कार्यालयात.

थोडे पैसे भरून सेटलमेंट करा असा फोन आला तर लगेच हो म्हणू नका. रिपोर्टमध्ये कर्ज फिटलं असं न येता सेटल झालं असं येतं आणि नंतर बरीच वर्षं कर्ज मिळायला त्रास होतो. दुसरा मार्गच नसेल तर करा, पण पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका. आणि तुमच्या कर्जाला कुणी जामीनदार असेल तर त्याला तुमच्या तोंडून आधी कळलं पाहिजे, नोटीस जाऊन नाही.

मोठं आजारपण आलं तर कर्ज काढायच्या आधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा काउंटर असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, यादीतल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ॲडमिट होतानाच विचारायचं, बिल झाल्यावर नाही. घराघरातली किती कर्जं एका ऑपरेशनपासून सुरू झालेली असतात, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

सण आणि आहेर

याला जास्त लिहीत नाही कारण प्रत्येक घराची रीत वेगळी. फक्त एवढंच, आहेराचा आकडा वर्षाच्या सुरुवातीला ठरवा, जवळच्यांना इतका, लांबच्यांना इतका, आणि मग कुणाच्या तोंडाकडे बघून बदलू नका. दिवाळीचा फराळ घरी करा आणि शक्य असेल तर जावा-जावांनी मिळून करा, सामान पण वाटून जातं. कपडे मुलांना घ्या, मोठ्यांनी एक वर्ष सोडलं तर चालतं. घरातल्या लग्नकार्यासाठी नवीन पर्सनल लोन काढायचा विषय निघाला तर वही उघडून सगळ्यांच्या समोर ठेवा आणि त्यावरच बोला.

कर्ज संपल्यावर

शेवटचा हप्ता गेला म्हणून काम संपत नाही. बँकेकडून नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काहीच बाकी नसल्याचं पत्र, घ्या, खात्याला लावलेलं ऑटो डेबिट बंद झालं का बघा. बाईक-गाडी असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवा, इन्शुरन्समध्ये पण फायनान्स कंपनीचं नाव काढून घ्या. घर तारण असेल तर पूर्ण पैसे भरल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. क्रेडिट कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी शून्य असेल तर ७ कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, फोनवर सांगून न थांबता मेल करा. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट परत काढा आणि ते कर्ज बंद म्हणून दिसतंय का ते तपासा, नसेल तर नो ड्यूजची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज टाका. मग वहीतली ती ओळ खोडा आणि तो हप्ता कुठे वळवायचा ते त्याच दिवशी खाली लिहा.